रुमालाखालचा हात

आबा, आज माझं काम गेलं. रागावू नका, चोरी केली नाही की कुणाशी भांडले नाही. फोनवर लाल पट्टी आली, तुमचा आयडी बंद करण्यात आला आहे, आणि झालं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात असला फोन नव्हता, म्हणून आधी कामच सांगते. इथल्या बायका आता ॲपवरून पार्लरवाली घरी बोलावतात. ॲप मला पत्ता धाडतं, मी स्कुटीला बॅग लटकवून जाते, कुणाच्या भुवया करते, कुणाचे पाय. काम झालं की बाई मला तारे देते, पाचापैकी, आणि ते सगळ्यांना दिसतात. तुम्ही मेंढरावर रंगाचा ठिपका मारायचात ना, तसंच. ठिपका माझ्यावर, एवढाच फरक.

आज सारखा कन्नड गावचा मेंढरांचा बाजार आठवतोय. दुष्काळाचं साल, चारा कुठंच नाही, घेणाऱ्यांपेक्षा विकणारेच जास्त. तुम्ही दलाल, मधोमध उकिडवे बसला आहात. तुमच्या पांढऱ्या रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव चाललाय, आणि वर गप्पा मात्र पाहुण्यारावळ्यांच्या. संत नव्हता तुम्ही, दलाली दोन्हीकडून घ्यायचात. मला बोटांची ती भाषा नुकती कळायला लागली होती आणि त्याची भारी ऐट होती. मीही रुमालाखाली हात घातला, आणि एक म्हातारा मेंढपाळ भावात खाली आला तसा त्याचा आकडा सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलले. म्हातारा मान खाली घालून बसला. तुम्ही मारलं नाही. घरी येताना जीपमध्ये एवढंच म्हणालात, "गरजंला माणूस खाली येतंच, बाई. ते चारचौघांत बोलायचं नसतंय. रुमाल कशापायी हाय मग?" त्या वेळी मला राग आला होता, कारण आकडा तर बरोबर होता.

आमच्या ॲपमध्ये रुमाल नाही. सगळं उघडं. ताऱ्यांहून जास्त भीती रद्द झालेल्या कामांची. माझी दोन झाली होती, एकदा गाडी पंक्चर झाली म्हणून, एकदा अंगात ताप म्हणून. अजून एक झालं की आयडी जाणार, हे मला माहीत होतं. तुमच्या वेळी मुकादमाच्या हातापाया पडता यायचं, फार तर शिव्या खाव्या लागायच्या. इथं शिव्या द्यायलाही कुणी नाही.

आज सिडकोतल्या एका काकूंकडे काम होतं. एकट्याच राहतात. पुण्याच्या लेकीनं त्यांच्या वाढदिवसाचं म्हणून पाय करायचं बुक केलेलं. काम सुरू करायचं तर आधी पाणी भरलेल्या टबाचा फोटो ॲपला द्यावा लागतो. नळाला आज पाणी यायचं होतं, आलंच नाही. टँकरचाही पत्ता नाही. शहर चहूकडून वाढलं आबा, पाणी काही त्याच्यासोबत वाढलं नाही. काकूंनी पिण्याची घागर पुढं केली. आपल्या घरात वाढलेली पोर ते पाणी पायावर कसं ओतणार? रद्द करायला गेले तर फोन कारण विचारतो. ग्राहक घरी नाही, पत्ता सापडला नाही, माझी वैयक्तिक अडचण. पाणी नाही हे कारणच त्यात नाही. माझी अडचण टाकली तरच रद्द माझ्या नावावर लागतं. ज्यानं हे बनवलं त्याच्या घरी नळाला चोवीस तास धार असणार. मदतीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेली बाई गोड बोलत राहिली.

मी म्हटलं, काकू, तुम्ही घरी नव्हता असं टाकते, लेकीला तसा मेसेज जाईल, तिला तुम्ही खरं काय ते सांगा. त्यांनी माझं मनगट धरलं. "नको गं माय. पाण्याचं कळलं तर उद्याच यिऊन मला पुण्याला घिऊन जाईल. परत हितं नाय राहू द्यायची."

मी 'माझी वैयक्तिक अडचण' दाबलं.

मग तसंच उठून जाववेना. बॅगेतलं तेल काढलं आणि त्यांच्या टाचा चोळत बसले. पुसायला तुमचा रुमाल घेतला. मी तो कात्र्या गुंडाळायला ठेवते. तुम्ही कधी भुईला लागू दिला नाहीत त्याला, आणि मी त्यानं परक्या बाईचे पाय पुसले. तेवढ्यात लेकीचा फोन आला. आई, पार्लरवाली आलीच नाही का गं? काकूंचे पाय माझ्या मांडीवर, वर रुमाल. त्यांनी एक हात त्याखाली घातला, माझी बोटं घट्ट दाबली आणि म्हणाल्या, "नाय गं. नाय आली."

लाल पट्टी मी पायऱ्या उतरतानाच आली. उद्या शहागंजात एका पार्लरमध्ये विचारून बघेन.

हे पत्र कुठं धाडणार, रुमालासोबत कपाटात ठेवते. पाणी आलं की तो धुवायचाय. आणि खरं सांगू का, बटण दाबताना मला तुमचं बोलणं आठवलं नव्हतं, ते नंतर जुळवलं. पायऱ्या उतरताना मनात एकच होतं. काकूंनी फोनवर म्हणायला हवं होतं, आली होती म्हणून.