दुखरी जागा आधी सांगावी

तीर्थस्वरूप ओरेस्टमामांस,

भाचा नेस्टर याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी जी अंगं वाकतात तेवढ्यांचाच. उरलेल्यांचा उन्हाळ्यात.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? एवढं सुबक अक्षर पाहून दचकू नका. पेन धरायला बोटं मिटावी लागतात, माझ्या उजव्या हाताची सध्या मिटत नाहीत, म्हणून मी सांगतोय आणि डोरीन लिहितेय. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं 'काय?' म्हणता. तुमच्या ऐन उमेदीत लोकांनी तुमच्या कानांवर जे हात चालवले त्याची फळं आता आम्ही भोगतोय. डोरीनला बजावलंय की मी सांगेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. तिने मान डोलावली आहे. (माझी बायको वाद न घालता मान डोलावते तेव्हा मला जरा धास्तीच वाटते.)

इथली खुशाली काय कळवू. मार्च आला तरी आमच्या लोन पॉपलर गावात बर्फ हलायचं नाव घेत नाही, आणि येत्या शनिवारी बर्फावरच्या हॉकीच्या हंगामातली शेवटची मॅच, तीही तुमच्या ग्रीनवाल्डच्या संघाशी. म्हणजे आमच्या बोहदानशीच म्हणा. नशिबाचा खेळ बघा मामा, एका आजीच्या हातचे पिरोगी खाऊन वाढलेले दोन भाऊ, आणि तुमचा मुलगा तिकडचा मारकुटा गडी, मी इकडचा. आमच्या क्लिफर्ड कोचने सांगून ठेवलंय की शनिवारचा माझा 'खेळ' बघून पुढल्या हंगामाला मला ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरेल. खेळ हा त्याचा शब्द. मी जन्मात एकच गोल केला, तोही माझ्या पार्श्वभागाला लागून आत गेला, आणि मी तेव्हा पंचाशी भांडत होतो. मला ठेवलंय ते आमच्या एमिलसाठी. गोल करणारा पोरगा तो, हाडं चिमणीची. त्याला कुणी रिंकच्या कठड्यावर चेपलं की मी जायचं, हातमोजे काढून टाकायचे, चेपणाऱ्याची चौकशी करायची आणि शिक्षा म्हणून पाच मिनिटं काचेच्या कोंडवाड्यात जाऊन बसायचं. पेपरवाले लिहितात की माझ्यासारख्यांमुळे मारामाऱ्या होतात. क्लिफर्ड म्हणतो, माझ्यासारख्यांमुळे त्या टळतात. दोघेही कधी हेल्मेट काढून उभे राहिलेले नाहीत. आमचे फादर यारोस्लाव रविवारी दुसरा गाल पुढे करायला सांगतात, आणि बाहेर पडताना दाराशी हळूच विचारतात, 'काल तो डावा का नाही घातलास रे?'

लोकांना वाटतं आम्ही रागाने मारतो. तुम्ही स्वतः हे केलंय, तुम्हाला काय सांगायचं. राग आला तर हात चुकतो. मागे नॉर्डलँडच्या हाल्वरशी जुंपली होती ना, ती गोष्ट ऐकाच. हाल्वर म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. खेळ सुरू व्हायच्या आधी माझ्या शेजारी वाकून म्हणतो, 'नेस्टर, उजवा खांदा गेलाय बघ, गाईने गोठ्याच्या भिंतीला दाबला. आज डाव्याने चालेल का?' मी म्हटलं, 'चालेल की. माझ्या नाकाची शिवण ओली आहे, नाक सोड.' 'सोडलं,' म्हणाला. मग दोघांनी डाव्या हातांनी एकमेकांना असं बडवलं की लोक बाकांवर उभे राहिले. त्याने नाकाला नख लावलं नाही, मी त्या खांद्याला हात लावला नाही. नंतर कोंडवाड्यात बसून काचेपलीकडून त्याने विचारलं की तुमच्याकडे गाई व्यायल्या का. पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोने बेरीच्या मुरांब्याची बरणी धाडली. आपल्यात रीतच आहे ती, दुखरी जागा आधी सांगायची आणि समोरच्याने ती पाळायची. कोर्टात तरी एवढा न्याय मिळतो का?

आता माझी फजिती ऐका, म्हणजे मामींना हसवता येईल. गेल्या महिन्यात मी पाच मिनिटं भोगून कोंडवाड्यातून सुटलो आणि थेट जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसलो. नुसता बसलो नाही, तिथल्या एका पोराला म्हटलं, 'ऊठ, ही माझी जागा.' तो बिचारा उठला की हो! त्यांचा कोच बघतोय, आमचा कोच बघतोय, मी पाण्याची बाटली तोंडाला लावून निवांत. मग सगळं रिंक हसायला लागलं. मला वाटलं एमिल पडला असेल, म्हणून मीपण हसलो. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात जो तो पाठीवर थाप मारून म्हणाला, 'काय नाटकी आहेस रे!' आता मी विनोदी म्हणून गावात प्रसिद्ध आहे. मीही तसंच सांगतो, की मुद्दाम केलं. (डोरीन, हे वाक्य खोड. नको, राहू दे, मामाच आहेत.)

गाडीचंही तसंच. सरावाहून घरी आलो, बघतो तर दारात गाडी नाही. चोरीला गेली म्हणून पोलिसात वर्दी दिली. त्यांनी शोधून काढली, रिंकसमोर, मीच लावलेली, इंजिन चालू. थंडीत मी घरी चालत आलो होतो आणि पायांना कसं काही वाटलं नाही कोण जाणे. यावर डोरीनने मला ओढत डॉक्टरकडे नेलं. नवा डॉक्टर आहे, शहरातला, हात लोण्यासारखे मऊ. म्हणतो, वर्षाचे महिने उलटे म्हणा. मी म्हटलं, डॉक्टर, इथे सगळं वर्ष हिवाळाच असतो, सुलटे कोण म्हणतो? तो हसला नाही. डोरीनही हसली नाही. मग त्याने बोट नाचवलं, उजेड मारला, आणि गंभीर चेहरा करून सांगितलं की डोक्यावर आता एकही ठोसा नको, नाहीतर तो काही सांगू शकत नाही. न सांगता येणाऱ्या गोष्टीचे पैसे घेणारा हा पहिलाच माणूस मी पाहिला. मला वाटतं तो बर्फावर नाचणाऱ्या बायकांचा शौकीन असावा. हॉकी सोडली तर मी करू काय? धान्याच्या कोठारावर काम मिळेल म्हणे. तिथे फावडं धरावं लागतं, म्हणजे पुन्हा बोटं आलीच. आणि खरं सांगतो मामा, रिंकमध्ये माझं नाव पुकारतात तेव्हा मला पक्कं ठाऊक असतं की मी कोण आहे आणि इथे का आलोय. बाहेर हल्ली तसं राहत नाही. वाईट वाटतं. असो.

तुम्हाला नॉर्डलँडच्या हाल्वरची गोष्ट सांगितली का? नसेलच सांगितली. ऐका. हाल्वर म्हणजे दारातून आडवा होऊन येणारा माणूस. खेळ सुरू व्हायच्या आधी वाकून मला म्हणतो, 'नेस्टर, गाईने खांदा दाबलाय बघ, उजवा. डाव्याने चालेल का?' मी म्हटलं, 'चालेल की, पण माझं नाक सोड, शिवण ओली आहे.' (डोरीनचं पेन थांबलंय. शाई संपली असेल. लिही गं.) मग आम्ही डाव्या हातांनी काय बडवलं एकमेकांना, लोक बाकांवर उभे! आणि कोंडवाड्यात बसून तो मला विचारतो, गाई व्यायल्या का. त्याच्या बायकोने नंतर बेरीचा मुरांबाही धाडला होता. असे लोक आता राहिले नाहीत मामा. हल्लीची पोरं रागावतात.

बाकी सगळं क्षेम. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. मामींना नमस्कार, त्यांच्या बीटच्या सुपाची आठवण येते. शनिवारी तुम्ही याल, तेव्हा माझ्या बाजूला बसा असा हट्ट नाही, बापाने मुलाच्याच बाजूला बसावं. फक्त मी पडलो तर टाळ्या जरा हळू वाजवा.

तुमचा लाडका आणि दातपडका भाचा,
नेस्टर

ता. क. खरं तर पत्र यासाठीच. बोहदानला सांगा, शनिवारी पहिल्याच डावात त्याने मला आव्हान द्यावं. हल्ली मला कुणी विचारत नाही. कीव करतात की काय कळत नाही, मी समोर जाऊन उभा राहिलो तरी पोरं नजर चुकवून निघून जातात. मग क्लिफर्ड मला बाकावरून उठवत नाही, आणि बाकावरच्या मारकुट्याला कोण ठेवणार? भावाने एवढं तरी करावं. हात मात्र आखडता घेऊ नये म्हणावं, क्लिफर्डला लगेच कळतं. आणि कुठे दुखतंय असं त्याने विचारलंच तर माझं उत्तर आत्ताच सांगून ठेवतो: कुठेच नाही.

आणखी एक. मामा, मी डोरीन. नेस्टर गाडी शोधायला बाहेर गेलाय. गाडी दारातच आहे. त्याने सांगितलं तेच मी लिहिलं, हाल्वरची गोष्टसुद्धा दोन्ही वेळा लिहिली. या आठवड्यात ती मी रोज ऐकतेय. काल मला हाक मारण्याआधी तो थोडा थांबला. थोडाच, पण माझ्या नावासाठी थांबला. आव्हान मिळालं नाही तर त्याला काढतील, मला माहीत आहे. कोठारावर मी जाईन, माझी बोटं मिटतात. तो बोहदानला भित्रा म्हणेल, सगळ्या रिंकसमोर म्हणेल, ते बोहदानने ऐकून घ्यावं. तुमच्यात दुखरी जागा आधी सांगायची रीत आहे ना? तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. डोकं. हाल्वरचा उजवा खांदा दुखावला होता तर नेस्टरने डाव्याने भागवलं. डोक्याला डावं-उजवं नसतं, मामा. बोहदानला म्हणावं, हातमोजे काढू नकोस.

तो आत आलाय. गाडी सापडली म्हणून फार खूश आहे. पाकीट चिकटवते.