सर्व्हर बंद झाल्यावरही वडिलांची बसफेरी चालू राहण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक संरक्षण कार्यालय

विषय: कन्सोलवरील बस चालवण्याचा खेळ इंटरनेटशिवाय चालेल असा करून देण्याचा कंपनीस आदेश मिळणेबाबत.

संदर्भ: ‘खेळ ही निकडीची बाब नाही’ असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदया,

१. माझे वडील निवृत्त बसचालक आहेत. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला. व्यायामाचा रबरी चेंडू त्यांनी “मी काय तान्हं बाळ आहे?” म्हणत भिरकावला. अखेर उपचारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्याने हा खेळ आणि त्याचे स्टिअरिंग आणले. आता बोटांत पकड येऊ लागली आहे.

२. महिनाअखेर कंपनी सर्व्हर बंद करत आहे. डिस्क आम्ही विकत घेतलेली आहे, तरी सर्व्हरला विचारल्याशिवाय ती चालत नाही. रस्त्यावरची गर्दी व प्रवासी यांची आकडेमोड क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे इंटरनेटशिवाय खेळ अशक्य, असा कंपनीचा दावा आहे.

३. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. दावा तपासण्याजोगा होता, म्हणून तपासला. वडील खेळत असताना, त्यांना न सांगता, राउटर बंद केला. बस चालतच राहिली. थांब्यावर नवे प्रवासी चढले, मागच्या गाडीने हॉर्नही दिला. म्हणजे आकडेमोड आमच्याच कन्सोलमध्ये होते. काही मिनिटांनी ‘संपर्क तुटला’ अशी सूचना येऊन पडदा थिजला. वडील तेव्हा चौकात वळत होते. पडदा थांबला तरी त्यांच्या हाताने वळण पुरे केले. हीच चाचणी पुन्हा पुन्हा केली, तेव्हा ते म्हणाले, “राउटर तूच बंद करतेस ना गं?”

४. वारंवार संपर्क तोडल्याने आमचे खाते कंपनीला संशयास्पद वाटले. आणखी एकदा तसे झाल्यास ते कायमचे बंद होईल, अशी ताकीद आली आहे. त्यामुळे आपण अधिक पुरावा मागितल्यास तो देण्याची माझी हिंमत नाही. बदली म्हणून कंपनीने रणगाड्यांचा खेळ देऊ केला. वडिलांनी विचारले, “त्याला थांबे कुठे आहेत?”

५. तरी मुदतीपूर्वी आदेश व्हावा, ही विनंती. प्रवासी वगळावे लागले तरी आमची हरकत नाही. ग्राहक या नात्याने वडिलांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत: “रिकामी तर रिकामी, गाडी वेळेवर सुटली पाहिजे. आणि फेरी रद्दच करायची असेल, तर खरं कारण लिहून द्या. आम्हाला डेपोत तेवढं लिहून द्यावं लागायचं.”

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, ग्राहकाची मुलगी
दिनांक: २३, चालू महिना

सोबत: उपचारतज्ज्ञांचे पत्र, चाचणीचे चित्रीकरण, कंपनीची ताकीद, वडिलांची सही (उजव्या हाताची).