मंडळाचा पाणी न पिण्याचा नियम

माय, तू गेलीस त्या वयापेक्षा माझंच वय आता जास्त झालं, तरी तुला लिहायला बसले की अजून अक्षर नीट काढायला बघते. गेल्या रविवारी आपल्या मंडळाचा वाढदिवस झाला. चर्चमागच्या शाळेच्या व्हरांड्यात, रविवारची मिस्साची प्रार्थना संपल्यावर तुम्ही सात-आठ बायका सतरंजीवर बसायचात, तेच मंडळ. आता खुर्च्या आहेत, माईक आहे, सामोसे आहेत. जुनं खोड म्हणून मलाच उभं केलं. म्हणाल्या, मावशी, मंडळाचा इतिहास सांगा. माझं तुला माहीतच आहे, समोर चार माणसं बसली की माझ्या जिभेला हाड राहत नाही. सांगितला इतिहास. टाळ्या पडल्या. घरी आले आणि तेव्हापासून घास गोड लागेना.

इतिहास तो काय! स्वातंत्र्य नुकतं मिळालेलं, साखर रेशनवर, आणि आपल्या चर्चला येणारी माणसं मोजकी. मंडळात कोण, तर एक दवाखान्यातली नर्स, एक बेकरीवाल्याची बायको, एक बँडमास्तराची, आणि तू शिंप्याची. अध्यक्षीणबाई तेवढ्या शिकलेल्या, डॉक्टरांच्या विधवा. दोघी-दोघींनी मिळून आजारी माणसाच्या घरी जायचं. तो कुठल्या देवाला हात जोडतो ते विचारायचं नाही. त्याचं अंग पुसायचं, चादर बदलायची, जखम धुवायची, दुधाची पावडर ठेवायची आणि निघायचं. आणि त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. हा नियम अध्यक्षीणबाईंचा. पूर्वी एका घरानं तुम्हाला चहा करायला पोरांच्या वाटणीची साखर संपवली होती, ते कळल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी नियमच करून टाकला. माया होती त्या नियमात. पण तो आपल्या कोल्हापुरात, त्या काळात, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर कसा दिसेल, हे त्या व्हरांड्यात एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तुझी जोडीदारीण बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून तू मला बरोबर न्यायला लागलीस. मी तेव्हा तेरा वर्षांची. चामड्याचं काम करणाऱ्यांच्या वस्तीतलं ते घर. चपला शिवणारा माणूस, अर्धांगवायूनं एक अंग गेलेलं, पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. मी टोपली धरून दारात उभी आणि तू त्याला हळूच कुशीवर वळवतेयस, "जरासं सोसा हां दादा, झालंच," म्हणतेयस. त्याची बायको उंच, काळीसावळी, बोलायला फटकळ. दर वेळी ती चुलीवर गुळाचा चहा ठेवायची आणि दर वेळी तू म्हणायचीस, "नको हो, आत्ताच घेऊन आले." खोटं बोलायचीस, आणि तुला खोटं कधी धड बोलता आलं नाही. कान लाल व्हायचे तुझे.

चौथ्या की पाचव्या खेपेला तिनं कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "बाई, गूळ आमच्यातबी हाय की. का आमच्या घरचं पाणी चालत न्हाय तुमास्नी?"

"तसं न्हाय हो. आमच्या मंडळाचा नियम हाय तसा."

"व्हय की. नियम तर समद्यांचाच असतोय. आमच्या गावच्या पाटलाचाबी हुता. त्यो निदान लांबनं बोलायचा, तुमी आत येऊन बोलतासा." आणि मग दाराकडं बोट करून म्हणाली, "उद्यापासनं येऊ नगा. जखमा मी बघीन."

तिला त्या जखमा जमायच्या नाहीत, हे तुलाही माहीत होतं आणि तिलाही. रविवारी व्हरांड्यात तू हे सगळं सांगितलंस. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अगं, एकीनं नियम मोडला की सगळ्या घरी चहा सुरू होणार. गरिबाच्या तोंडचं आपण खायचं का?" त्यांचं काही चुकत होतं असं अजूनही मला म्हणवत नाही. तू मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसलीस. मग हळूच म्हणालीस, "बाई, तो माणूस तिकडं कुजतोय हो." सभा पुढच्या विषयाला गेली.

बुधवारी भर दुपारी तू मला घेऊन त्याच दारात उभी. दार अर्धं उघडं. तू आत पाऊल टाकलं नाहीस. बाहेरूनच हाक मारलीस, "मावशी, लई तहान लागलीया. पाणी देतासा का?" ती आली. तुझ्याकडं बघत राहिली. मग आत जाऊन पेला भरून आणला. आणि माय, आम्हा भावंडांना पेल्याला तोंड लावलं म्हणून धपाटे घालणारी तू, त्या पेल्याला तोंड लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यालीस. वर म्हणालीस, "च्या ठेवा की आता. मी दादांचं बघते तवर." ती हसली नाही, रडली नाही, बाजूला सरकली फक्त. तू आत जाऊन पट्टी सोडलीस, तेव्हा तो वास असा आला की मी तोंड फिरवलं.

गेल्या रविवारी माईकवर ही गोष्ट मी इथवर अशीच सांगितली. इथं मी थांबले, पाणी प्याले, डोळे पुसले. पुढं सांगितलं की तू मंडळात उभी राहून "मी प्याले" म्हणालीस, बाईंनी रागावून तुला दोन महिने नुसतं शिवणकाम दिलं, नर्सबाई तुझ्याऐवजी त्या घरी गेली आणि तीही चहा पिऊन आली, आणि शेवटी नियमच गेला. सगळं खरं आहे. टाळ्या पडल्या त्याही खऱ्या. मग एक तरुण पोरगी, कॉलेजात शिकवते म्हणे, तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही पण प्यालात ना तेव्हा?" मी म्हणाले, "प्याले की! न पिऊन सांगते कुणाला?" सगळ्या हसल्या. माईकवर बोलले मी हे, चर्चच्या अंगणात, या वयात. लाज कशी वाटली नाही मला!

कारण तू चहा पिऊन परत दादांची पट्टी बांधायला बसलीस तेव्हा तिनं दुसरा कप माझ्यापुढं धरला होता. "घे की गं पोरी, उन्हातनं आलीयास." घशाला कोरड पडली होती माझ्या. आणि मी हात मागं घेऊन, अगदी शाळेत कविता म्हणावी तशी, ठणठणीत म्हणाले, "नको. आमच्या मंडळाचा नियम आहे." तुझे हात त्या माणसाच्या पाठीवर थांबले. तो कप तिनं स्वतःच्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला, माझ्याकडं बघत. घरी येताना मला वाटलं तू मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, "पोर आहेस अजून," आणि मला हाताला धरून रस्ता ओलांडवलास.

हा कागद तुझ्या कबरीवर दगडाखाली ठेवून यावं असं सकाळी मनात होतं. नाही ठेवत. मंडळातल्या कुणाच्या हाताला लागला तर, ही भीती आहे. बघ, अजून कोण काय म्हणेल याचीच काळजी.

तुला वाटलं मी पोर म्हणून, नियम पाठ म्हणून तसं बोलले. नाही गं माय. आपण किरिस्ताव म्हणून शाळेतल्या पोरी माझ्या हातचं पाणी पीत नव्हत्या, मला ओंजळ धरायला लावून वरून ओतायच्या. मी घरी कधी सांगितलं नाही. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्याहून खालचं कुणीतरी मला सापडलं होतं, आणि कप नाकारताना मला बरं वाटलं होतं.