चिऱ्यांमागे गेलेला थर

मालवण, मंगळवार, १० मार्च १९५९

भूगर्भ खात्याच्या कचेरीचं पत्र आलं. नमुना हाती नसेल तर नव्या थराची नोंद होणार नाही, नावही मिळणार नाही. बरोबरच आहे त्यांचं.

विहीर खणणाऱ्या भिकूला गेल्या महिन्यात जांभ्याखाली काळी चिकणमाती लागली आणि तिच्यात पानाचा ठसा. शीर न् शीर दिसत होती. लाखो वर्षांपूर्वीचं पान! या थराला तुझ्या गावाचं नाव देतो, असं मी तिथंच सांगून बसलो. त्यानं ते ढेकूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून दिलं. "सुकाक देव नकात," म्हणाला. आणि मी? नकाशे रंगवत बसलो, ढेकूळ ओट्यावर उन्हात राहिलं. त्या शिरांचा नुसता चुरा झाला. एवढं शिकून काय उपयोग? आता विहीर बांधून झाली, थर चिऱ्यांमागे गेला.

संध्याकाळी भिकू वाटेत भेटला. "सायबानू, नाव लागला?"

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "लागलं."

"मगे कागद इलो काय माझ्या चेडवाक दाखवा. ता शाळेत जाता, गावाचा नाव वाचीत."

मुलीला कागद दाखवीन, तेही मी कबूल केलं.