पहिला सरगुंडा

२ मार्च १९५७, सेलू

डॉक्टरांनी बजावलं—इंजेक्शननंतर उलट्या किती, ताप किती, रोज लिहा. म्हणून ही वही. गाठी मानेत आहेत. रोगाचं नाव घरात कोणी घेत नाही. मी लिहिते—कॅन्सर. १२ मेला मंदाचं लग्न. लेकीच्या लग्नात आईने उभं राहायचं असतं. राहीन!

४ मार्च

नागपूरला शिरेतून औषध दिलं. अकरा उलट्या. मंदा घमेलं धरून रडत होती. म्हटलं, "रड नंतर. आधी घमेलं सरळ धर!"

२१ मार्च

कंगव्यात मूठभर केस. ह्यांनी ते उचलून कागदात बांधले. कशाला?—विचारलं नाही.

७ एप्रिल

लग्नाचे सरगुंडे. कणकेची दोरी काडीवर गुंडाळायची, उन्हात वाळवायची. पहिला नवरीच्या आईचा. नणंद आनंदाबाई म्हणाल्या, "वैनी, तुमी बाजूले बसा. हुकूम सोडा फक्त, तो तर तुमाले जमतेच!" बाया हसल्या.

"काऊन बाजूले?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं आणि काडी घेतली.

गुंडाळला—तर कणकेत माझा लांब केस! आनंदाबाई हळूच, "शुभ कामात असं नाई चालत. फेका तो."

मंदाने केस ओढला. तुटला; अर्धा आतच राहिला. "माझ्या आईचाच आहे ना? वाळू द्या."

गोठ्यामागे जाऊन रडले. पाच मिनिटं. मग हात धुऊन परत बसले.

२२ एप्रिल

रक्त फार कमी. इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "लग्न होऊ द्या, मग बघू." वीस वर्षं शाळेत शिकवलं. नापास होणार हे ठरलेल्या मुलीच्या बापाला मीही असंच 'बघू' म्हणायची.

२ मे

अक्षय तृतीया. सासूबाईंच्या नावाने पान मांडलं, सरगुंडे आणि आमरस वाढला. मेलेल्यांना भूक लागते यावर माझा विश्वास नाही. तरी आनंदाबाईंना विचारलं, "आईंना कसे आवडायचे?"

"लय मऊ. दात कुठं होते मायले!"

दोघी हसलो. मग त्या माझ्याकडे बघेनात.

१२ मे

मंदा सासरी गेली. शेवटपर्यंत उभी होते.

१४ मे

आनंदाबाईंच्या हवाली—लहान डबा एक. सरगुंडे, एका पानापुरते. केसाचा त्यातच आहे. पुढच्या अक्षय तृतीयेला माझ्या पानावर वाढायचे. फार मऊ शिजवू नका, म्हणून सांगितलं.