समोरच्या दोन खोल्यांचे भाडे

मी, पाणीपुरवठा खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेला, वय वर्षे चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून माझ्या मुलीने व पत्नीच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी आणला, तो मी मानला नाही. याआधीचे मृत्युपत्र पत्नीच्या लाभाचे होते. ती यंदाच्या मार्चमध्ये वारली, म्हणून ते रद्द समजावे.

१. बँकेतील ठेव व पत्नीचे दागिने माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावेत. पत्नीचा चष्मा व हातातले घड्याळ माझ्याबरोबर जाऊ द्यावे. त्यावर चर्चा नको.

२. नकाशे काढायचे टेबल व कंपासपेटी माझ्या जुन्या कचेरीला द्यावी. तिथे आता सगळे संगणकावर करतात हे मला ठाऊक आहे. तरी द्यावी.

३. धाकट्या मेहुण्यांनी आमची लोखंडी शिडी रंगकामासाठी नेली, ती परत आणली नाही. मागून मागून माझी जीभ झिजली. आता ती कायदेशीररीत्या त्यांची. माझ्या पश्चात त्यांनी आणखी काही न्यायला येऊ नये.

४. राहते घर. हे पत्नीने व मी दोघांच्या पगारातून बांधले. मागच्या बाजूला आम्ही राहिलो. समोरच्या दोन खोल्यांत सरकारी शाळेचे नववी व दहावीचे वर्ग भरत आले. ते कसे झाले हे सांगणे भाग आहे, कारण खालची अट त्यातूनच आली आहे.

पत्नी त्या शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळा आठवीपर्यंतच होती. पुढचे वर्ग मंजूर झाले, शिक्षकांचे पगारही झाले, खोल्या मात्र झाल्या नाहीत. खात्याचे तपासनीस म्हणाले, "बाई, पैसा खालच्या वर्गांना आहे आणि वर कॉलेजांना आहे. मधल्यांनी जरा कळ काढायची."

"मधल्यांनी म्हणजे पोरांनीच ना?" ती म्हणाली. ते हसले.

त्याच आठवड्यात तिने आमचा दिवाणखाना रिकामा केला. मला म्हणाली, "अहो, एका वर्षाचा तर प्रश्न आहे." मी मध्ये भिंत घालून दिली.

पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आमच्या शाळेचे नाव नव्हते. विचारायला गेलो, तर तपासनीस म्हणाले, "तुमच्याकडे खोल्या कमी कुठे आहेत? वर्ग भरतायत की!" ज्यांची मुले उन्हात बसली होती, त्यांना इमारत मिळाली. आमच्या मुलांच्या डोक्यावर छप्पर होते, म्हणून आम्ही वगळलो गेलो. ती दर वर्षी अर्ज घेऊन जायची आणि तेच उत्तर घेऊन यायची. वर्ग बाहेर काढ, असे मी एकदाच म्हणालो. "तुम्ही तुमचे पाइप बघा," ती म्हणाली. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

ती गेली तेव्हा समोर नववीचा पेपर चालू होता. आम्ही तिला मागच्या दाराने नेले. मुलीला हुंदका आवरेना, म्हणून मी तिला न्हाणीघरात उभी करून नळ सोडला. पेपर सुटेपर्यंत कोणाला काही कळले नाही.

तपासनीस भेटायला आले. चहा घेतला. म्हणाले, "बाईंनी खात्याचा केवढा खर्च वाचवला! आता घरच शाळेला देऊन टाका. दारावर त्यांच्या नावाची पाटी लावू." मी त्यांना दारापर्यंत सोडायला उठलो नाही. जन्मात कुठल्या पाहुण्याशी मी असा वागलेलो नाही.

म्हणून अट अशी. घर मुलीचे. ते खात्याला दान करू नये व फुकट वापरायलाही देऊ नये. समोरच्या खोल्यांचे चालू दराने भाडे घ्यावे. मी सरकारी नोकरीत जन्म काढला आहे. फुकटची खोली खात्याच्या खर्चात दिसत नाही. भाडे दिसते, आणि मग हिशेब तपासणारा दर वर्षी विचारतो की इमारत का बांधत नाही. तो प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

सुट्टी लागताच मी भाड्याची नोटीस दिली. "तरतूद नाही," असे उत्तर आले. आज सकाळी मी समोरच्या खोल्यांना कुलूप लावले. सोमवारी शाळा उघडते.

मुलीचे म्हणणे डावलण्यासारखे नाही, म्हणून येथे नोंदवतो.

"बाबा, मुलं सायकलवर शहरातल्या शाळेत जातील. पोरींना घरी बसवतील. शिंप्याची पोर यंदा नववीत येतेय, तिचे काका तर टपूनच बसलेत."

मी म्हणालो, "फुकट देत राहिलो तर तिच्या मागच्यांनाही खोली मिळणार नाही."

"मागच्यांचं मागून बघू. ही सोमवारी दारात उभी राहणार आहे. तिला काय सांगू? आईने कशासाठी दिलं होतं हे सगळं?"

 तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

तरीही कुलूप काढलेले नाही. ते मी जिवंतपणी लावले, कारण शिव्या मला बसाव्यात, मुलीला नव्हे. माझ्या हयातीत किल्ली माझ्याकडे राहील, माझ्यानंतर मुलीकडे. भाडे न ठरताच तिने दार उघडले, तर तेवढ्यावरून कोणी हे मृत्युपत्र मोडू नये. घर तेव्हाही तिचेच राहील.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : १३ जून २०२६, शनिवार

(सही) घरमालक

साक्षीदार १ : (सही) डॉक्टर. सही करताना ते पूर्ण शुद्धीवर होते. रक्तदाब वाढलेला होता.

साक्षीदार २ : (सही) गणिताच्या बाई. काका, तुम्ही सही माझ्यासमोर केलीत, एवढ्यापुरतीच ही साक्ष. मजकूर मला मान्य नाही. सोमवारी मी दोन्ही वर्ग घेऊन तपासनिसांच्या कचेरीच्या व्हरांड्यात बसणार आहे. फळा आत अडकलाय, तेवढा काढून द्या.