पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि वीस खिडक्या

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन. विषय दिला: घरी कॉम्प्युटर वापरणाऱ्याला मल्टिटास्किंगची खरंच गरज आहे का? सहाशे शब्द, शुक्रवारी पाचपर्यंत. म्हणाले, पंडित, गेले दोन आठवडे तुमची जागा शब्दकोड्याने भरली. शब्दकोड्याला पत्रं येतात हो! या वेळी लेख आला नाही, तर सदर बंद.
अकरा वर्षांचं सदर. हसण्यावारी नेलं. मग पाणी प्यालो.
उत्तर उघड आहे: गरज आहे. उद्या सकाळी तासाभरात उरकेल.

४ मार्च, मंगळवार.
मल्टिटास्किंगवर लिहायचं तर मल्टिटास्किंग करतच लिहावं. एका खिडकीत लेख, दुसरीत शब्दकोश, तिसरीत बातम्या, चौथीत बुद्धिबळ, पाचवीत गीझर दुरुस्तीचा व्हिडिओ. दुपारपर्यंतची प्रगती: बुद्धिबळात दोन पराभव, गीझर उघडला, लेखाचं शीर्षक तयार.
मुलगी कॉलेजातून आली. बाबा, एवढं सगळं एकदम कशाला उघडलंय? तिला अवधानविद्या समजावली. पूर्वीचे शतावधानी शंभर जणांचे प्रश्न एकाच वेळी डोक्यात ठेवत. ती म्हणाली, त्यांच्या घरी अंघोळीला गरम पाणी होतं का?
पिढी उथळ.

५ मार्च, बुधवार.
गार पाण्याने अंघोळ. बुद्धी तल्लख होते.
नवी योजना. दोन लेख शेजारीशेजारी. डावीकडे पूर्वपक्ष: गरज नाही. उजवीकडे उत्तरपक्ष: गरज आहे. जो आधी पूर्ण होईल तो पाठवायचा. प्राचीन आचार्यांना ही सोय नव्हती.
सायंकाळी: पूर्वपक्ष ९० शब्द, उत्तरपक्ष ११०. म्हणजे एक तृतीयांश काम झालंच.
हिला बहिणीला पत्र टाइप करायचं होतं. अर्धा तास उठा म्हणाली. म्हटलं, उठायचं कशाला, आणखी एक खिडकी उघड. ही म्हणाली, अहो, खुर्ची एकच आहे. उठलो. पत्र अर्धवट टाकून स्वयंपाकाला गेली, खिडकी उघडीच. शिकतेय.

६ मार्च, गुरुवार.
पंधरा खिडक्या. कॉम्प्युटरने मान टाकली. दुरुस्तीवाला आला. काका, यावर करता काय? लेख लिहितो. फक्त? त्याच्या ‘फक्त’चा सूर आवडला नाही. मेमरी वाढवून गेला. आता वीस उघडतात. विसाव्या खिडकीत हिचं पत्र; रात्री थोडं पुढे लिहून पुन्हा तसंच ठेवलं.
लेख: पूर्वपक्ष ९० शब्द.

७ मार्च, शुक्रवार. ४.४०.
दोन्ही पक्ष मिळून सव्वातीनशे. वेगवेगळे लिहिल्यामुळेच कमी पडतायत. आलटूनपालटून एकत्र करावे. याला समन्वय म्हणतात. खिडक्यांतून आणखी जे सापडेल ते भराभर उचलतोय.
४.५९. पाठवला. सहाशे बारा शब्द. वाचून पाहिला नाही. अकरा वर्षांत कधी गरज पडली नाही.

१० मार्च, सोमवार.
संपादकांचा फोन. म्हणाले, पहिल्या परिच्छेदात गरज नाही, दुसऱ्यात आहे, तिसऱ्यात पुन्हा नाही. इथवर तुम्हीच आहात, पंडित. पण चौथ्यापासून कोण लिहितंय? मग वाचूनच दाखवलं: ‘ताई, हे पूर्वी एका वेळी एकच काम अर्धवट ठेवत. हल्ली वीस ठेवतात.’
मी म्हटलं, ते उदाहरणादाखल.
म्हणाले, वहिनींना फोन द्या. वीस मिनिटं बोलणं. ही मधूनमधून हसत होती. शेवटी म्हणाली, छापा की, ताईला तसंही सगळं माहीतच आहे.

१७ मार्च, सोमवार.
चौथ्या परिच्छेदापासून पुढचं छापलं. हिच्या नावाने. तेवीस पत्रं आली. सदर चालू राहणार, हे महत्त्वाचं. कोण लिहितं हा तपशील.

२१ मार्च, शुक्रवार.
सकाळपासून खुर्ची हिच्याकडे. स्क्रीनवर एकच खिडकी. मागे उभा राहून मल्टिटास्किंगचे फायदे सांगितले. न वळता म्हणाली, अहो, विषय हवाय. या आठवड्यात तुम्ही काय काय केलंत?
बराच विचार केला. म्हटलं, तसं काहीच नाही.
चालेल, म्हणाली. त्यावर सहाशे सहज होतील.
पन्नास मिनिटांत झाले.